ऑर्डरी आणि कंबर : साताऱ्याच्या एका कॅमेरावाल्याचं प्रकरण

माझ्या फिजिओथेरपीच्या क्लिनिकमध्ये वेटिंगला चार खुर्च्या रिकाम्या होत्या आणि हा माणूस दाराजवळ भिंतीला हात लावून उभा होता. डावा गुडघा किंचित वाकवलेला, टाच जमिनीला जेमतेम टेकलेली, कमरेपासून वरचं सगळं अंग उजवीकडे कललेलं. मणक्यातल्या चकतीनं पायाची शीर दाबली की माणूस बऱ्याचदा असाच उभा दिसतो. मी फाइल उघडायच्या आत त्यांनी विचारलं, "मॅडम, चोवीस तारखेच्या आत उभा ऱ्हाईन का?" चोवीस तारखेला कोरेगावच्या बाजूला एक लग्न होतं. तो दिवस होता अठरा एप्रिलचा.

त्यांचं नाव इथे देत नाही, गावही नाही. लिहायला परवानगी त्यांनीच दिली, पण एका अटीवर : "लिवा सगळं, फक्त नाव नगं. कंबर गेलेल्याला ऑर्डर कोण देतंय?" ही अट मी विनोद म्हणून घेतली होती. पुढे कळलं की प्रकरणातला निम्मा गुंता तिच्यातच होता.

वय ३९. या धंद्यात सोळा वर्षं. सुरुवात वाईच्या बाजूला शूटिंगला येणाऱ्या युनिटमध्ये लाइट उचलायचं काम करून, मग एका स्टुडिओत, मग स्वतःचा कॅमेरा. आता लग्नं, साखरपुडे, कास आणि ठोसेघरला प्री-वेडिंग, गावोगावच्या जत्रा आणि कुस्त्यांची मैदानं. डिसेंबर २०२१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने बैलगाडा शर्यतींना अटींवर परवानगी दिली, तेव्हापासून शर्यतींचं थेट प्रक्षेपण हा नवा धंदा आमच्या भागात उभा राहिला आणि यांनीही त्यात उडी घेतली. तुळशीच्या लग्नापासून आषाढ लागेपर्यंत त्यांच्या घरी कॅलेंडरवर रिकामा चौकोन शोधावा लागतो.

दुखणं सुरू झालं सहा एप्रिलला, एका शर्यतीच्या मैदानावर, पहाटे साडेपाचला. जिमीजिब, म्हणजे टोकाला कॅमेरा लावलेली लांब दांड्याची क्रेन, तोलायला मागच्या टोकाला व्यायामशाळेतल्या लोखंडी प्लेटा लावतात. त्या प्लेटांची पेटी टेम्पोच्या फळीवरून उतरवताना एक बाजू त्यांच्याकडे होती. पाय टेम्पोकडे, तोंड मैदानाकडे, अंगाला पीळ. "कडाक्कन काय तरी झालं आणि श्वासच अडकला." उसण भरली म्हणून दोन मिनिटं थांबले, पाणी प्यायले आणि संध्याकाळी फायनल होईपर्यंत काम केलं. रात्री गाडी चालवून घरी आले, तर क्लच दाबायचा पाय मांडीपासून करंगळीपर्यंत ठणकत होता.

पुढचे बारा दिवस ज्याने त्याने आपापल्या परीने उपाय केले. आईने विटेचा शेक दिला. चुलतीने गल्लीतला एक पायाळू मुलगा आणला. पायांकडून जन्मलेल्या माणसाने पाठीवरून पाय फिरवला की उसण उतरते, हे आपल्याकडे घरोघर ऐकायला मिळतं. मी त्याला हसत नाही. साधी उसण दोन-चार दिवसांत आपली आपणच उतरते, त्यामुळे पायाळूला श्रेय मिळून जातं. पण इथे दुखणं पायात उतरलेलं होतं, आणि नऊ-दहा वर्षांचं पोर पाठीवर उभं राहिल्यावर ते पिंढरीपर्यंत आणखी कडक झालं. मग मेडिकलमधून पट्टा आणला. तो चौदा-चौदा तास, वरून जॅकेट घालून. एप्रिलात, साताऱ्यात, जॅकेट! पट्टा कुणाला दिसू नये म्हणून.

शेवटी एमआरआय झाला. एका ठिकाणी सांगितलं, तीन आठवडे पूर्ण झोपून राहा. दुसऱ्या ठिकाणी सांगितलं, ऑपरेशनची तयारी ठेवा. माझ्याकडे ते आले ते या दोन्हींच्या मधला काही रस्ता निघतो का, हे बघायला.

तपासणीत काय दिसलं

रिपोर्टमध्ये कमरेचा शेवटचा मणका आणि त्याखालचं त्रिकोणी हाड (त्रिकास्थी), म्हणजे एल ५–एस १, यांच्यामधली चकती डावीकडे मागे आलेली आणि तिथून खाली जाणाऱ्या शिरेला टेकलेली होती. माझ्या टेबलावरही तेच दिसलं. पाठीवर झोपवून डावा पाय सरळ उचलला तर पस्तीस अंशांवर पिंढरीत कळ, उजवा ऐंशीपर्यंत आरामात. डाव्या टाचेमागचा झटका हातोडी मारूनही येत नव्हता. पावलाची बाहेरची कड आणि करंगळी बधिर. उजव्या पायाच्या चवड्यावर ते वीसदा उचलले गेले, डाव्यावर चौथ्यालाच टाच खाली आली. ही सगळी एकाच शिरेची, एस १ ची लक्षणं.

यानंतरचे प्रश्न मी कुणालाच टाळू देत नाही. लघवी तुंबते का, कळायच्या आत होते का? संडासावरचा ताबा गेलाय का? सायकलच्या सीटला जो भाग टेकतो तो बधिर झालाय का? दोन्ही पायांतली ताकद जातेय का? यातलं एकही "हो" असतं तर व्यायामाची गोष्टच काढली नसती, त्याच रात्री हॉस्पिटलला पाठवलं असतं. चारही उत्तरं "नाही" आली. ते प्रश्न कागदावर लिहून त्यांच्या पाकिटात ठेवायला दिले.

मग शब्दांकडे वळावं लागलं, कारण त्यांच्या डोक्यात दोन शब्द घट्ट बसले होते : "गॅप" आणि "गादी सरकली". गादी सरकली म्हटलं की माणसाला वाटतं, कुठलातरी नट ढिला झालाय आणि वाकलो तर तो निखळून पडणार. चकती अशी सरकत नाही. वरच्या-खालच्या मणक्यांना ती चिकटलेली असते. बाहेरचे तंतू फाटून आतला मऊ गाभा बाहेर येतो, बस्स. बाहेर आलेला तो तुकडा शरीर हळूहळू स्वतःच शोषून घेतं, आणि गंमत म्हणजे मोठे तुकडे जास्त लवकर आकसतात. बहुतेकांचं पायातलं दुखणं सहा ते बारा आठवड्यांत बऱ्यापैकी उतरतं. "गॅप"बद्दल त्यांना एक आकडा सांगितला. कंबर अजिबात न दुखणाऱ्या लोकांचे फोटो एकत्र तपासणारा एक मोठा आढावा २०१५ साली प्रसिद्ध झाला. त्यात चाळिशीच्या माणसांपैकी निम्म्यांच्या चकत्या फुगलेल्या निघाल्या आणि त्यातल्या कुणाचीच तक्रार नव्हती. त्यावर ते म्हणाले, "म्हंजे माझ्या वर्गातल्या निम्म्या पोरांना गॅप हाय, पर त्यांना म्हाईतच न्हाई." अगदी असंच.

पोटावर झोपवून कोपरांवर उठायला लावलं. पहिल्या चार वेळा काहीच फरक नाही. आठव्या-नवव्या वेळी पिंढरीतली कळ मांडीपर्यंत वर आली, कंबर मात्र जास्त दुखू लागली. ते घाबरले आणि मला हायसं वाटलं. दुखणं पायातून वर सरकून कमरेत गोळा होणं हे चांगलं लक्षण. न्यूझीलंडच्या रॉबिन मॅकेन्झी या फिजिओथेरपिस्टच्या हे १९५६ मध्ये अपघातानेच लक्षात आलं : डोक्याकडचा भाग उंच केलेल्या टेबलावर एक पेशंट चुकून पालथा झोपून राहिला आणि त्याच्या पायातलं दुखणं गेलं. आमच्या धंद्यातल्या कितीतरी गोष्टी अशाच चुकून सापडलेल्या आहेत.

माझी चूक

पहिला आराखडा मी खुर्चीत बसून केला. झोपून राहायचं नाही, दर दोन तासांनी दहा वेळा पालथं उठायचं, दिवसातून चार वेळा चालायचं, पट्टा फक्त प्रवासात. चोवीसचं लग्न करायचं, पण कॅमेरा स्टँडवर, आणि उचलाउचलीला एक पोरगा सोबत घ्यायचा. जड उचलू नका, वाकू नका, आडवं वळू नका. कागदावर सगळं बरोबर होतं.

सत्तावीसला ते आले तेव्हा दुखणं परत पिंढरीत होतं. "काहीच उचललं न्हाई मॅडम, देवाशप्पथ." माझा विश्वास बसला नाही, आणि ते चेहऱ्यावर दिसलं असणार. पुढच्या लग्नाला मीच वही घेऊन येते म्हटलं.

तीन मे. शहराबाहेरचं एक कार्यालय. मी नवरीकडची आहे असं नवऱ्याकडच्यांना वाटलं आणि नवऱ्याकडची आहे असं नवरीकडच्यांना, त्यामुळे नाश्ता दोनदा मिळाला. सकाळी नऊपासून दुपारी एकपर्यंत मी स्टेजच्या डाव्या कोपऱ्यात बसून वहीत उभ्या रेघा ओढत होते.

जड त्यांनी खरंच काही उचललं नाही. पण कॅमेऱ्याची बॅग स्टेजच्या बाजूला जमिनीवर होती. लेन्स बदलायची, बॅटरी काढायची, कार्ड ठेवायचं, माइकची वायर, पुसायचं फडकं, सगळं तिच्यात. प्रत्येक वेळी एका हातात गिंबल, म्हणजे कॅमेरा हलू न देणारा दांडा, पुढे धरलेला, गुडघे ताठ, कंबर काटकोनात, दुसरा हात बॅगेत चाचपडतोय आणि नजर मात्र स्टेजवर, अंतरपाट कधी निघतो याच्याकडे. चार तासांत अशा सत्तेचाळीस रेघा भरल्या. त्यांना विचारलं, अंदाजे किती वेळा वाकलात? ते म्हणाले, "धा-बारा येळा आसंल."

दुसरं म्हणजे गिंबल. कॅमेरा, लेन्स आणि गिंबल मिळून तीन किलोच्या आसपास. तीन किलो म्हणजे काय? दोन किलो साखर आणि एक किलो डाळ! पण ते पोटाशी नसतं, मणक्यापासून अर्ध्या मीटरवर असतं. पाठीचे स्नायू मणक्याच्या मागे जेमतेम पाच सेंटिमीटरवर ओढ घेतात. म्हणजे दहापट. पुढचे तीन किलो तोलायला मागच्या स्नायूंना तीस किलोची ओढ लावावी लागते आणि तो सगळा दाब मधल्या चकतीवर पडतो. १९९९ मध्ये जर्मनीत एका स्वयंसेवकाच्या चकतीत दाब मोजणारी बारीक नळी बसवून पाहिलं होतं. नुसतं उभं राहिल्यावर जो दाब आला, वीस किलोचं ओझं अंगालगत धरल्यावर त्याच्या दुप्पट, तेच छातीपासून साठ सेंटिमीटर दूर धरल्यावर साडेतीन पटींहून जास्त, आणि पाठ गोल करून जमिनीवरून उचलताना साडेचार पटींहून जास्त. ओझं बदललं नव्हतं, फक्त जागा बदलली होती. मी त्यांना "जड उचलू नका" सांगितलं होतं. "दूर धरू नका" हे सांगायचं राहून गेलं होतं.

तिसरी गोष्ट वरातीत दिसली. वरातीपुढे उलटं चालत शूट करायचं, मध्येच मान आणि कंबर पिळून मागे खड्डा आहे का बघायचं, आणि तरी पाऊल गटाराच्या झाकणावर पडतंच. त्या हिसक्यांच्या रेघा मी ओढल्या नाहीत, डीजेपुढे वही धरणं शक्य नव्हतं.

चौथी तर मला दिसलीच नाही, घरी विचारल्यावर कळली. लग्नाच्या दिवशी ते चारला उठत, सव्वाचारला गाडीची डिकी भरत. रात्रभर झोपेत चकत्या पाणी शोषून टम्म झालेल्या असतात. सकाळी आपण दीड-दोन सेंटिमीटर उंच असतो ते त्यामुळेच. उठल्यानंतरच्या पहिल्या तासात वाकणं चकतीला सगळ्यात महाग पडतं. आणि यांचं दिवसातलं सगळ्यात मोठं वाकणं नेमकं त्याच वेळी होत होतं.

काय बदललं

बॅगेसाठी एक खुर्ची. कार्यालयातली कुठलीही प्लॅस्टिकची खुर्ची घ्यायची, भिंतीला लावायची, बॅग तिच्यावर. यात वैद्यकशास्त्र काहीच नाही, हे मान्य. पण पुढच्या लग्नात पोराने मोजलं तेव्हा सत्तेचाळीसचे सहा झाले होते, आणि माझ्या कुठल्याही व्यायामाने त्या महिन्यात एवढा फरक पडला नाही.

डिकी आदल्या रात्री भरायची. पहाटे फक्त गाडीत बसायचं, आणि बसण्याआधी वीस मिनिटं अंगणात चालायचं. मंगलाष्टकं पूर्णपणे स्टँडवर. गिंबल फक्त नवरीच्या एंट्रीला आणि वरातीत थोडा, एका वेळी पाच मिनिटं, कोपर बरगड्यांना टेकवून. वरातीत उलटं चालायचं नाही, लांबची लेन्स लावून चौकात एका जागी उभं राहायचं आणि वरात अंगावर येऊ द्यायची. सप्तपदीचा खालून घ्यायचा शॉट उकिडवं बसून नाही, एक गुडघा टेकून.

हे लिहायला सोपं आहे. एका नवरीच्या वडिलांनी ऐन मांडवात सुनावलं, "कॅमेरा फिरंना झालाय, पैसं फिरवायचं घेतल्यात न्हवं?" ते ऐकून त्यांनी पुढचा अर्धा तास गिंबल खाली ठेवला नाही. मी रागावले नाही. त्या मांडवात मी असते तर मीही ठेवला नसता.

वाईच्या सेटवर त्यांनी अंगात घालायचा तो पट्टा आणि डोक्यावरून पुढे आलेला दांडा पाहिला होता, ज्याला कॅमेरा टांगतात. तो घेऊ का, असं विचारत होते. योहान हेल्स्टेन या स्वीडनच्या कॅमेरामनने स्वतःच्या दुखण्यातूनच ईझीरिग बनवला. हात, खांदे आणि मान यांचा भार तो कमरेच्या हाडांवर नेतो. मी म्हटलं, आत्ता नको. भार नाहीसा होत नाही, खाली उतरतो, आणि तुमचं दुखणं खालीच आहे. शिवाय तो असला की माणूस पाच मिनिटांऐवजी पन्नास मिनिटं कॅमेरा खाली ठेवत नाही.

मेच्या मध्यापर्यंत कळ मांडीच्या वर राहू लागली. पाय उचलायची चाचणी साठ अंशांवर गेली. मी खुशीत होते.

मग एकोणीस मेला ते शर्यतीला गेले. लाइव्हला धावता शॉट हवा म्हणून दुचाकीच्या मागच्या सीटवर उलटं बसून, छकड्यांच्या कडेने, ढेकळांच्या रानातून. किती फेऱ्या, ते सांगेनात. चार दिवस मला फोनही केला नाही. बसलेल्या कमरेला सतत हादरे हा चकतीचा जुना वैरी. ट्रॅक्टर आणि ट्रक चालवणाऱ्यांच्या कमरा त्यामुळेच जातात. दुखणं थेट करंगळीपर्यंत परत आलं. चौथ्या दिवशी घरातून वहिनींचा फोन आला : "मॅडम, हे तुमाला सांगायला लाजत्यात."

त्या दिवशी आम्ही व्यायाम केला नाही. ऑर्डरींची वही मागवली आणि तासभर ती वाचली. मेमध्ये राहिलेली सहा कामं. प्रत्येकापुढे मी विचारलं, यातलं कमरेला महाग कोणतं आणि पैशाला स्वस्त कोणतं? उत्तर लाजिरवाणं सरळ निघालं. शर्यतीचा धावता शॉट हे सगळ्यात कमी पैशाचं काम होतं. ते घेत होते कारण तिथे बाकीचे कॅमेरावाले बघत असतात. दुचाकीवर बसलो नाही तर मैदानात चर्चा होईल : हा संपला. पाच आठवडे मी चकतीवर उपचार करत होते आणि दुखणं या चर्चेच्या भीतीत होतं. धावता शॉट त्यांनी एका तरुण पोराला दिला आणि स्वतः निकालाच्या रेषेजवळ मचाणावर स्टँड लावला. चुरशीच्या निकालाला पंच शेवटी त्याच कॅमेऱ्याकडे वळतात, त्यामुळे मान गेला नाही. पैसे मात्र गेले, पोराचा रोज त्यांच्या खिशातून. ही किंमत मी कुठल्याच कागदावर लिहिली नव्हती.

पावसाळा उपयोगी पडला. जून ते ऑक्टोबर लग्नं तुरळक, एडिटिंग जास्त. एडिटिंगला ते रात्री सलग बसत. वहिनींनी त्यांच्या मोबाइलवर अर्ध्या तासाचा गजर लावला आणि तो बंद करायला उठावंच लागावं म्हणून मोबाइल स्वयंपाकघरात ठेवला. व्यायामाला जिम नको म्हणाले, मग घरातलंच सामान घेतलं. आधी दहा लिटर पाण्याचा कॅन एका हातात धरून अंगणात ताठ चालणं. मग गुडघ्यातून आणि खुब्यातून वाकून पंधरा किलोचा तेलाचा डबा उचलणं, आधी पाटावरून, ऑगस्टमध्ये जमिनीवरून. एका कुशीवर कोपर टेकवून अंग उचलून धरणं. आणि रोज डाव्या चवड्यावर उभं राहणं, दात घासताना.

डिसेंबरमध्ये नोंदवलेली स्थिती : पायात कळ नाही. लांब प्रवासानंतर कंबर ताठते, चालल्यावर सुटते. पाय उचलण्याची चाचणी दोन्हीकडे सारखी. डाव्या चवड्यावर सतरा वेळा, उजव्यावर पंचवीस. करंगळीची बाहेरची कड अजून थोडी बधिर. टाचेमागचा झटका परत आलेला नाही, बहुधा येणारही नाही, आणि त्याने त्यांचं काही अडत नाही. ऑपरेशन लागलं नाही. प्लेटांच्या पेटीला ते हात लावतात, पण आता वीस किलोच्या एका प्लेटेऐवजी पाच-पाचच्या चार, आणि पाय ज्या दिशेला त्याच दिशेला तोंड.

त्याच महिन्यात माझ्या नणंदेच्या मुलाचं लग्न होतं. ऑर्डर त्यांना मीच सुचवली होती, हे इथे सांगून टाकते. मंगलाष्टकं सुरू व्हायच्या वेळी कार्यालय गच्च भरलेलं, बसायला जागा नाही, आणि स्टेजच्या बाजूला भिंतीलगत एका खुर्चीवर काळी बॅग. आमच्या सासूबाईंनी ती उचलून खाली ठेवायला हात घातला तसा कॅमेऱ्यामागून आवाज आला, "काकू, ऱ्हाऊ द्या. ती बॅग पेशंट हाय."

सासूबाई माझ्याकडे बघू लागल्या. मी उठून त्यांना माझी खुर्ची दिली.